न दिसणाऱ्याचा पत्ता : सिग्नस एक्स-१ च्या बदलत्या वर्णपटाची हकिकत

कृष्णविवरांचा विषय वर्गात निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, त्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही, तर मग ते तिथे आहे हे कळले कसे?" प्रश्न अगदी रास्त आहे. 'शास्त्रज्ञांनी गणिताने शोधून काढले' एवढे सांगून विद्यार्थ्याची बोळवण केली, तर एक चांगली गोष्ट सांगायची राहून जाते. गणिताने एवढेच कळले होते की अशी वस्तू असू शकते. ती आहे, आणि आकाशात अमुक ठिकाणी आहे, हे कळायला निरीक्षणेच लागली. तीही एका रात्रीत झाली नाहीत.

या लेखात आपण एकाच कृष्णविवराची हकिकत पाहू. त्याचे नाव सिग्नस एक्स-१. सिग्नस म्हणजे हंस तारकासमूह, एक्स म्हणजे क्ष-किरण, आणि १ म्हणजे त्या तारकासमूहात सापडलेला क्ष-किरणांचा पहिला स्रोत. या स्रोताने १९७१ च्या मार्च-एप्रिलमध्ये आपला रंग बदलला. हा रंग डोळ्यांना दिसणारा नव्हे, क्ष-किरणांचा. त्या बदलामुळेच त्याचा नेमका पत्ता लागला. विशेष म्हणजे तो बदल नेमका कशाचा होता, हे समजायला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जावी लागली.

सहा मिनिटांचे आकाश

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण अडवते. सजीवांच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, पण त्यामुळे जमिनीवरील कोणत्याही दुर्बिणीतून आकाशातील क्ष-किरण दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अग्निबाण हाती आले, तेव्हा कुठे वातावरणाच्या वर उपकरण नेण्याची सोय झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने सूर्यापासून येणारे क्ष-किरण टिपले. ते इतके क्षीण होते की सूर्यासारखा तारा इतर ताऱ्यांच्या अंतरावर नेऊन ठेवला, तर त्याचे क्ष-किरण त्या काळच्या उपकरणांना कळणेच शक्य नव्हते. म्हणून ताऱ्यांचे क्ष-किरण शोधायला जाणे हे पुष्कळांना वेळेचा अपव्यय वाटे.

१८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून एरोबी जातीचा एक अग्निबाण सोडला. सूर्याच्या किरणांमुळे चंद्राच्या पृष्ठभागातून क्ष-किरण निघतात का हे पाहणे, हा त्यांचा जाहीर उद्देश होता. अग्निबाण वातावरणाच्या वर होता तो अवघी सुमारे सहा मिनिटे. चंद्राचे क्ष-किरण काही सापडले नाहीत, पण वृश्चिक तारकासमूहाच्या दिशेने एक अतिशय प्रखर स्रोत सापडला. त्याचे नाव पुढे स्कॉर्पियस एक्स-१ असे पडले. क्ष-किरण खगोलशास्त्राची सुरुवात ती हीच. या कामासाठी जियाकोनींना २००२ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

नौदल प्रयोगशाळेच्या हर्बर्ट फ्रीडमन यांच्या गटाने १९६४ साली असाच एक अग्निबाण सोडून आणखी काही स्रोत शोधले. त्यांतील एक हंसात होता. तोच सिग्नस एक्स-१. पुढच्या वर्षी त्याच गटाने पुन्हा पाहिले, तर हा स्रोत बराच मंद झालेला आढळला. तेव्हापासून 'याचे काही स्थिर नाही' अशी या स्रोताची ख्याती झाली.

दोन खिडक्या

पुढची हकिकत नीट कळण्यासाठी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. क्ष-किरणांतही रंग असतात, म्हणजे निरनिराळ्या ऊर्जेचे किरण असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. क्ष-किरणांच्या कणाची ऊर्जा त्याच्या शेकडो ते हजारो पट असते. एक ते दहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या किरणांना सोयीसाठी मृदू म्हणू, आणि त्याहून जास्त ऊर्जेच्या किरणांना कठोर म्हणू. कोणत्या ऊर्जेचे किती किरण येतात याचा आलेख काढला, की तो त्या स्रोताचा वर्णपट.

अग्निबाणातील उपकरणे मुख्यतः मृदू किरण मोजत, पण त्यांना वेळ मिळे तो काही मिनिटांचा. दुसरा मार्ग होता फुग्यांचा. हायड्रोजनने भरलेला प्रचंड फुगा उपकरण घेऊन ३० ते ४० किलोमीटर उंचीवर जातो आणि तेथे काही तास राहतो. पण त्याच्या वर वातावरणाचा जो पातळ थर उरतो तो मृदू किरण शोषून घेतो, आणि फुग्यातल्या उपकरणाला फक्त कठोर किरण मिळतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला विश्वकिरणांच्या अभ्यासामुळे फुगे सोडण्याचा अनुभव होताच. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बी. व्ही. श्रीकंठन यांच्या पुढाकाराने या संस्थेतील शास्त्रज्ञांनी हैदराबादहून फुगे सोडून स्कॉर्पियस एक्स-१ आणि सिग्नस एक्स-१ यांचे कठोर क्ष-किरण मोजायला सुरुवात केली. भारतात या विषयाचा पाया तेव्हा घातला गेला.

अशा रीतीने एकाच स्रोताकडे दोन वेगळ्या खिडक्यांतून पाहणे चालू होते. एका खिडकीत स्रोत प्रखर झाला तर दुसऱ्या खिडकीतही तो प्रखरच होईल असे गृहीत धरणे सोपे होते. सिग्नस एक्स-१ ने ते गृहीत खोटे ठरवले. पण त्यासाठी महिनोन्महिने पाळत ठेवणारे उपकरण हवे होते.

उहुरू

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभारलेल्या इटलीच्या सान मार्को मंचावरून एक छोटा उपग्रह सोडण्यात आला. तो केवळ क्ष-किरण खगोलशास्त्रासाठी बनवलेला पहिला उपग्रह होता. त्या दिवशी केनियाचा स्वातंत्र्यदिन असल्याने उपग्रहाला उहुरू हे नाव देण्यात आले. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. अग्निबाणाच्या सहा मिनिटांऐवजी आता आकाश सतत पाहता येऊ लागले. उहुरूच्या अखेरच्या सूचीत ३३९ स्रोतांची नोंद आहे.

सिग्नस एक्स-१ कडे पाहताच उहुरूला आढळले की त्याची प्रखरता एका सेकंदाच्याही अंशात कमीजास्त होते. मिनोरू ओडा आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. सुरुवातीला त्यांना ती नियमित स्पंदने वाटली, पण अधिक निरीक्षणांनंतर त्यात काहीच ताल नाही असे दिसले. या धरसोडीवरून एक मोठा निष्कर्ष निघत होता. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. एखादी वस्तू एक दशांश सेकंदात उजळत आणि मंदावत असेल, तर तिचा चमकणारा भाग प्रकाश तेवढ्या वेळात जितके अंतर कापतो त्याहून फार मोठा असू शकत नाही. म्हणजे फार तर ३० हजार किलोमीटर. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटर आहे. तेव्हा सूर्यापेक्षा हजारो पट अधिक ऊर्जा बाहेर टाकणारी ही वस्तू आकाराने ग्रहाएवढी किंवा त्याहूनही लहान होती.

तो वसंत ऋतू

पण ही वस्तू होती कोठे? उहुरूला स्रोताची जागा ढोबळमानानेच सांगता येत होती, आणि आकाशगंगेच्या त्या गर्दीच्या भागात तेवढ्या जागेत कितीतरी तारे येत. नेमका कोणता तारा हे कोणी सांगावे?

१९७१ च्या मार्च-एप्रिलमध्ये उहुरूच्या नोंदींत एक विलक्षण बदल दिसला. सिग्नस एक्स-१ चे मृदू किरण (दोन ते सहा हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे) सरासरीने चौथ्या हिश्श्यावर आले. त्याच काळात दहा ते वीस हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे किरण मात्र दुप्पट झाले. स्रोत नुसता मंद किंवा प्रखर झाला नव्हता, त्याच्या वर्णपटाचा आकारच बदलला होता.

योगायोगाने त्याच सुमारास नेदरलँड्समधील वेस्टरबोर्क येथील आणि अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बिणी हंसाच्या त्या भागाकडे पाहत होत्या. २२ मार्चपर्यंत तेथे रेडिओ लहरींचा काहीही मागमूस नव्हता. ३१ मार्चनंतर एक क्षीण रेडिओ स्रोत दिसू लागला, आणि दिसतच राहिला. रेडिओ दुर्बिणींची जोडणी एखाद्या स्रोताची जागा फार अचूक सांगू शकते. हा नवा स्रोत बरोबर एका निळ्या ताऱ्याच्या जागी होता. तारा नवव्या प्रतीचा, आणि ताऱ्यांच्या जुन्या सूचीत त्याला एचडीई २२६८६८ असा क्रमांक होता.

आता मुख्य प्रश्न असा होता, की हा रेडिओ स्रोत आणि क्ष-किरणांचा स्रोत एकच आहे हे कशावरून? दोन्ही जवळपास आहेत हे पुरेसे नव्हते. खात्री पटली ती वेळेवरून. क्ष-किरणांचा वर्णपट बदलला आणि रेडिओ स्रोत उगवला, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या. हार्वे टॅननबॉम आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दोन्ही नोंदी एकत्र मांडल्या, तेव्हा संशयाला फारशी जागा उरली नाही. स्रोत बदलला नसता तर त्याचा पत्ता कदाचित आणखी काही वर्षे लागला नसता.

जोडीदार

पत्ता मिळाल्यावर नेहमीच्या दुर्बिणींचे काम सुरू झाले. इंग्लंडमध्ये लुईस वेब्स्टर आणि पॉल मर्डिन यांनी, तर कॅनडातील टोरांटोजवळच्या वेधशाळेतून टॉम बोल्टन यांनी त्या निळ्या ताऱ्याचा वर्णपट पुन्हा पुन्हा घेतला. डॉपलर परिणामामुळे वर्णपटातील रेषा कधी तांबड्या तर कधी जांभळ्या बाजूला सरकत होत्या. म्हणजे तारा कधी आपल्यापासून दूर जात होता, तर कधी जवळ येत होता. हा फेरा ५.६ दिवसांत पुरा होत होता. तारा कोणाभोवती तरी फिरत होता, पण तो जोडीदार प्रकाशात कोठेच दिसत नव्हता. दोन्ही निष्कर्ष १९७२ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले.

निळा तारा महाराक्षसी वर्गातला, सूर्याच्या वीसेक पट किंवा त्याहून अधिक वस्तुमानाचा असावा. एवढ्या जड ताऱ्याला असे फिरवायचे तर जोडीदारही जड हवा. हिशेबाने तो सूर्याच्या तिपटीपेक्षा बराच जड निघत होता. श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून जास्त असू शकत नाही, हे चंद्रशेखर यांनी १९३० च्या दशकातच दाखवले होते. न्यूट्रॉन ताऱ्याची कमाल मर्यादा सुमारे तीन पट मानली जाते. लहान, जड, न दिसणारी आणि या दोन्हींत न बसणारी वस्तू म्हणजे कृष्णविवरच, असा युक्तिवाद होता.

पण यात एक कच्चा दुवा होता. सगळा हिशेब निळ्या ताऱ्याच्या वस्तुमानावर उभा होता, आणि ते वस्तुमान ताऱ्याच्या रूपावरून अंदाजाने धरले होते. तो महाराक्षसी ताऱ्यासारखा दिसणारा, पण प्रत्यक्षात हलका आणि बराच जवळचा तारा असेल तर? मग जोडीदारही हलका ठरला असता. अशी शंका काही शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये घेतली. तिला उत्तर मिळाले ते धुळीतून. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश वाटेतील धुळीमुळे लालसर होतो. त्याच दिशेतील इतर ताऱ्यांशी तुलना केल्यावर एचडीई २२६८६८ हजारो प्रकाशवर्षे दूर आहे असे दिसले. इतक्या दूर असूनही इतका तेजस्वी, म्हणजे तो खरोखरच महाराक्षसी असला पाहिजे.

तरीही पूर्ण खात्री कोणी देत नव्हते. याच काळात, १९७४ च्या डिसेंबरात, स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न यांच्यात एक पैज लागली. सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर नाही, या बाजूने हॉकिंग यांनी पैज घेतली, आणि हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला नियतकालिकाची वर्गणी भरायची असे ठरले. ज्याने आयुष्य कृष्णविवरांच्या गणितात घातले त्याने विरुद्ध बाजू का घ्यावी? हॉकिंग यांच्या मते तो एक प्रकारचा विमा होता. कृष्णविवरे नसतीलच तर सगळे काम वाया जाईल, पण निदान पैज तरी जिंकता येईल! १९९० साली त्यांनी हार मान्य केली.

बदलाचा अर्थ

मधल्या सोळा वर्षांत काय घडले? एक तर वर्णपट का बदलतो याचा उलगडा होऊ लागला.

निळ्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरून वायूचा जोरदार वारा वाहतो. त्यातला काही वायू कृष्णविवराकडे ओढला जातो. तो सरळ आत पडत नाही. फिरत फिरत त्याची एक पातळ चकती बनते. आतल्या थराची गती जास्त, बाहेरच्या थराची कमी, म्हणून थरांत घर्षणासारखी क्रिया होते आणि वायू तापतो. निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्याएव या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा चकतीचे गणित मांडले. चकतीचा आतला भाग पन्नास लाख ते एक कोटी अंशांपर्यंत तापतो. तापलेले लोखंड जसे आधी तांबडे आणि मग पांढरे दिसते, तसे इतक्या तापमानाचा वायू मृदू क्ष-किरणांत चमकतो. वर्णपटात मृदू किरण जास्त असतात तेव्हा आपण मुख्यतः ही चकती पाहत असतो.

पण १९७१ नंतर दिसलेल्या कठोर किरणांना हे उत्तर पुरत नव्हते. ते एक लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरलेले होते. नुसत्या चकतीतून ते यायचे तर तिचे तापमान शंभर पट हवे. थॉर्न आणि रिचर्ड प्राइस यांनी १९७५ मध्ये, तर शापिरो, लाइटमन आणि अर्डली यांनी १९७६ मध्ये असे सुचवले की आतल्या भागात चकती फुगून विरळ आणि अतितप्त वायूत बदलते. या वायूतील इलेक्ट्रॉनांचे तापमान शंभर कोटी अंशांच्या घरात असते. चकतीतून निघालेले मृदू किरण त्या इलेक्ट्रॉनांवर आदळतात आणि प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा मिळवतात. कॅरमची उपमा घेता येईल. वेगात आलेला स्ट्रायकर संथ सोंगटीला लागला की सोंगटी जोरात जाते. येथे इलेक्ट्रॉन हे स्ट्रायकर आणि मृदू किरण या सोंगट्या. अनेक टकरी खाऊन बाहेर पडलेले किरण कठोर झालेले असतात. या तप्त वायूला सूर्याच्या उपमेने किरीट म्हणतात.

म्हणजे दोन वर्णपट ही दोन वेगवेगळी चित्रे आहेत. एकात चकती कृष्णविवराच्या जवळपर्यंत पोचलेली दिसते, दुसऱ्यात किरीटाचे राज्य असते.

येथे नावांचा एक घोटाळाही सांगण्यासारखा आहे. पहिल्या अवस्थेला पूर्वी 'उच्च' आणि दुसरीला 'निम्न' म्हणत, कारण उहुरूसारख्या उपकरणांच्या मृदू खिडकीत ती तशी दिसे. १९९६ च्या मे महिन्यात सिग्नस एक्स-१ पुन्हा मृदू अवस्थेत गेला, तेव्हा आदल्या डिसेंबरात सोडलेला रॉसी उपग्रह आणि कठोर किरण मोजणारा कॉम्प्टन उपग्रह दोन्ही आकाशात होते. दोन्ही खिडक्यांतील नोंदींची बेरीज केल्यावर कळले की बाहेर पडणारी एकूण ऊर्जा फारशी बदलतच नाही. बदलते ती ऊर्जेची वाटणी. उच्च-निम्न हा भेद बराचसा खिडकीचा होता. म्हणून आता 'मृदू अवस्था' आणि 'कठोर अवस्था' ही नावे अधिक रूढ आहेत.

आणखी भाऊबंद

एकाच उदाहरणावर सिद्धान्त उभा राहत नाही. ३ ऑगस्ट १९७५ रोजी ब्रिटनच्या एरियल-५ उपग्रहाला एकशृंग तारकासमूहात एक नवा स्रोत दिसला. काही दिवसांतच तो स्कॉर्पियस एक्स-१ लाही मागे टाकून गेला आणि काही महिन्यांत विझला. त्याचे नाव ए ०६२०-००. विझल्यावर तेथे एक लहानसा नारिंगी तारा दिसू लागला. जेफ्री मॅक्लिन्टॉक आणि रोनाल्ड रेमिलार्ड यांनी १९८६ मध्ये त्याचा वेग मोजला. तो पावणेआठ तासांत फेरी पुरी करतो, आणि त्याचा वेग सेकंदाला चारशे किलोमीटरहून अधिक आहे. येथे दिसणाऱ्या ताऱ्याचे वस्तुमान शून्य धरले तरी न दिसणारा जोडीदार सूर्याच्या तिपटीहून जड निघतो. सिग्नस एक्स-१ मधला कच्चा दुवा येथे नव्हता.

जपानच्या गिंगा उपग्रहाने १९८९ मध्ये पाहिलेल्या व्ही ४०४ सिग्नी या स्रोताने तर शंकेला जागाच ठेवली नाही. १९९२ मध्ये त्याच्या जोडीदाराचे किमान वस्तुमान सूर्याच्या सहापटीहून जास्त ठरले.

या स्रोतांच्या वर्णपटांत सिग्नस एक्स-१ च्या त्याच दोन अवस्था पुन्हा दिसल्या. १९९१ मध्ये मस्का तारकासमूहात उगवलेला स्रोत काही महिने मृदू अवस्थेत राहिला आणि मंदावता मंदावता कठोर अवस्थेत गेला. मृदू अवस्थेत त्याची प्रखरता कितीतरी पटींनी उतरली, तरी चकतीच्या आतल्या कडेची त्रिज्या जवळजवळ तीच राहिली. चकतीला एक ठरलेली शेवटची कडा असते, हे सापेक्षतावादाचे भाकीत वर्णपटातून असे दिसून आले.

सर्वांत चंचल ठरला तो १९९२ मध्ये सापडलेला जीआरएस १९१५+१०५. जे बदल सिग्नस एक्स-१ मध्ये आठवड्यांत होतात, ते याच्यात काही मिनिटांत होत. २१ मार्च १९९६ रोजी भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाने आयआरएस-पी३ हा उपग्रह कक्षेत सोडला. त्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि इस्रो यांनी बनवलेली क्ष-किरण उपकरणे होती. त्यांनी या स्रोताचे एकामागून एक येणारे, हळूहळू चढणारे आणि झटकन उतरणारे स्फोट टिपले. चकतीच्या आतल्या भागातील द्रव्य कृष्णविवराच्या क्षितिजापलीकडे नाहीसे होत असल्याचा हा पुरावा असू शकेल, असे मत या शास्त्रज्ञांनी मांडले.

रेडिओचे कोडे

आता १९७१ च्या मूळ कोड्याकडे येऊ. क्ष-किरण कठोर झाले तेव्हाच रेडिओ स्रोत का उगवला?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अनेक स्रोतांच्या क्ष-किरण आणि रेडिओ नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या, तेव्हा एक नियम दिसू लागला. कठोर अवस्थेत कृष्णविवराजवळून द्रव्याचा एक अरुंद झोत सतत बाहेर फेकला जातो आणि तो रेडिओ लहरी देतो. मृदू अवस्थेत हा झोत जवळजवळ बंद पडतो. सिग्नस एक्स-१ चा हा झोत २००१ मध्ये रेडिओ दुर्बिणींच्या विस्तीर्ण जाळ्याने प्रत्यक्ष चित्रित केला. १९७१ च्या मार्चअखेर जो रेडिओ स्रोत उगवला तो म्हणजे सुरू झालेला झोत होता. ज्या खुणेमुळे पत्ता लागला, त्या खुणेचा अर्थ असा तीन दशकांनी लागला.

झोत का सुरू होतो आणि का थांबतो, किरीटाचा आकार कसा असतो, हे प्रश्न मात्र अजून पुरते सुटलेले नाहीत. आयक्सपी उपग्रहाने २०२२ मध्ये सिग्नस एक्स-१ च्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले. त्यावरून किरीट झोताच्या दिशेने उभा नसून चकतीच्या अंगाने पसरलेला असावा असे दिसते. भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाचा मोठा गुण म्हणजे तो मृदू आणि कठोर दोन्ही खिडक्यांतून एकाच वेळी पाहू शकतो. त्याची प्रमुख क्ष-किरण उपकरणे टाटा संस्थेत घडली, आणि त्याच्या कामात पुण्याच्या आयुका संस्थेचाही वाटा आहे. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने केवळ क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाच्या अभ्यासासाठी एक्सपोसॅट हा उपग्रह सोडला.

दरम्यान सिग्नस एक्स-१ चे वजनही सुधारत गेले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना त्याच्या जागेत होणारा अतिसूक्ष्म फरक मोजून त्याचे अंतर ठरवण्यात आले. २०११ मध्ये वस्तुमान सूर्याच्या सुमारे १५ पट निघाले. २०२१ मध्ये अंतर सुमारे ७२०० प्रकाशवर्षे आणि वस्तुमान सुमारे २१ पट निघाले. हा आकडा पुढेही थोडा खालीवर होईल, पण तो तिनाच्या खाली येण्याची भीती आता उरलेली नाही.

वर्गासाठी

या हकिकतीतून वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील.

एक साधा तारेचा दिवा, त्याचा प्रकाश कमीजास्त करणारे बटण, आणि तांबड्या व निळ्या जिलेटिन कागदाचे तुकडे घ्यावेत. दिवा मंद असताना आणि पूर्ण प्रखर असताना, दोन्ही वेळा दोन्ही कागदांतून पाहायला सांगावे. तांबड्या कागदातून दिसणाऱ्या फरकापेक्षा निळ्यातून दिसणारा फरक मोठा असतो. एकच दिवा, पण खिडकी बदलली की 'किती बदलला' याचे उत्तरही बदलते. मात्र हा दिवा फक्त चकतीचे प्रतीक आहे, किरीटाचे नव्हे, हे मुलांना सांगायला विसरू नये.

दुसरी गोष्ट आकाशदर्शनाची. सप्टेंबरच्या अखेरीस रात्री आठच्या सुमारास हंस तारकासमूह डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो. पंख पसरून दक्षिणेकडे उडणाऱ्या हंसाच्या लांब मानेच्या मध्यावर ईटा सिग्नी नावाचा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एचडीई २२६८६८ त्याच्या अगदी जवळ आहे, आणि चांगला नकाशा व लहान दुर्बीण असेल तर तोही सापडतो. कृष्णविवर अर्थातच दिसणार नाही. पण त्याच्याभोवती दर ५.६ दिवसांनी फेरी घालणारा तारा मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असेल. मग 'ते तिथे आहे हे कळले कसे?' हा प्रश्न पुन्हा त्यांनाच विचारावा आणि एकेक दुवा त्यांच्याकडूनच जोडून घ्यावा. कच्चा दुवा कोणता होता आणि तो कोणी पक्का केला, हेही त्यांनाच ओळखू द्यावे.